सिमेंटची चद्दर आणि आपलं फुफ्फुस

(मंडळाच्या मासिक सभेत दिलेलं भाषण. सभासदांच्या आग्रहावरून स्मरणिकेसाठी थोडं आटोपशीर करून देत आहे.)



सुरुवातीलाच सांगतो, मी डॉक्टर नाही आणि प्राध्यापकही नाही. पॉलिटेक्निकमधून सिव्हिलचा डिप्लोमा केला आणि राज्य सरकारच्या बांधकाम खात्यात उपयंत्री म्हणून लागलो. शाळा, दवाखाने, सरकारी क्वार्टर यांची बांधकामं आणि दुरुस्त्या पाहणं हे माझं रोजचं काम. त्यात सिमेंटच्या चद्दरीशी, म्हणजे ॲस्बेस्टॉसच्या पत्र्याशी, माझा कायमचा संबंध. जी वस्तू आम्ही मोजमाप वहीत चौरस मीटरमध्ये लिहितो, तिची धूळ माणसाच्या छातीत गेली तर तिथे नेमकं काय करते, हे मला समजून घ्यावंसं वाटलं. गेली काही वर्षं मी त्याबद्दल वाचतो आहे आणि छातीच्या रोगांचे डॉक्टर असलेल्या परिचितांना विचारून खात्री करून घेतो आहे.

आज हा विषय घेण्याचं दुसरंही कारण आहे. आपल्या मंडळाच्या मागच्या शेडवरची चद्दर दिवाळीनंतर काढायची आणि नवीन छत टाकायचं, असं कार्यकारिणीत ठरलं आहे. त्या कामाबद्दल मला एक विनंती करायची आहे. पण नुसती विनंती केली तर "हा सरकारी माणूस उगाच नियम सांगतो" असं वाटेल. म्हणून आधी छातीतली गोष्ट सांगतो, मग शेडची.

ॲस्बेस्टॉस म्हणजे काय, इथून सुरू करू. पुष्कळांना तो कारखान्यात तयार केलेला पदार्थ वाटतो. तसं नाही. ते जमिनीतून निघणारं खनिज आहे, म्हणजे दगडच. फरक एवढाच, की साधा दगड फोडला तर खडी होते, पुढे वाळू होते, आणि हा दगड फोडला तर त्याचे धागे निघतात. कापसासारखे पिंजता येतात, सूत काढता येतं, कापड विणता येतं. जळत नाही, कुजत नाही, त्याचे काही प्रकार आम्लांनाही दाद देत नाहीत. 'ॲस्बेस्टॉस' या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच 'न विझणारा' असा आहे. सहा वेगवेगळ्या खनिजांना मिळून हे नाव आहे. त्यातलं पांढरं म्हणजे क्रायसोटाइल, निळं म्हणजे क्रोसिडोलाइट आणि तपकिरी म्हणजे अमोसाइट, ही तीन धंद्यात जास्त वापरली गेली. आपल्या छपरावरच्या चद्दरीत साधारण दहा टक्क्यांच्या आसपास पांढरं ॲस्बेस्टॉस असतं, बाकी सिमेंट वगैरे. विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीला ऑस्ट्रियातल्या लुडविग हातशेक यांनी ही युक्ती काढली आणि ती जगभर पसरली. आपल्या मध्य प्रदेशात कटनी जिल्ह्यातल्या कैमोरला १९३० च्या दशकातच असे पत्रे बनायला लागले होते. स्वस्त, टिकाऊ, गंजत नाही आणि पावसात टिनासारखी वाजत नाही. त्यामुळे ती आपल्या घरांवर, शाळांवर, गोदामांवर येऊन बसली, यात नवल नाही.

आता छातीकडे येऊ. आपण दिवसाला सुमारे दहा हजार लिटर हवा आत घेतो आणि बाहेर सोडतो. इंदूरच्या रस्त्यांवरून जाताना त्यात धूळ असणारच, आणि शरीराने तिची व्यवस्था केलेली आहे. मोठे कण नाकातच अडकतात. त्याहून लहान कण श्वासनळीच्या भिंतीवरच्या चिकट कफात अडकतात. त्या भिंतीवर सूक्ष्म रोम असतात. ते सतत वरच्या दिशेने हलत असतात आणि कफाचा पातळ थर घशाकडे ढकलत असतात. आपण खाकरतो किंवा नकळत गिळून टाकतो, काम संपलं. चोवीस तास चालणारा सरकता जिनाच म्हणा.

पण हा जिना शेवटपर्यंत जात नाही. श्वासनळ्यांच्या फांद्या होत होत अगदी टोकाला वायुकोश असतात, द्राक्षाच्या घडासारखे. दोन्ही फुफ्फुसांत मिळून त्यांची संख्या काही कोटींत जाते. तिथे हवेतला प्राणवायू रक्तात जायचा असतो, म्हणून भिंत अतिशय पातळ. तिथे कफ नाही, रोम नाहीत. तिथली झाडलोट करायला एका वेगळ्या पेशीची नेमणूक आहे. तिचं नाव मॅक्रोफेज. आपण तिला भक्षक पेशी म्हणू. ती वायुकोशात फिरत असते. कण दिसला, जंतू दिसला की त्याच्याभोवती अंग पसरते, त्याला पोटात घेते आणि आतल्या पाचक रसांनी त्याचा निकाल लावते. पचला नाही तर त्याला घेऊन जिन्यापर्यंत सरकते आणि बाहेरच्या वाटेला लावते. साधी धूळ अशीच निघून जाते.

मग ॲस्बेस्टॉसचा धागा का जात नाही? इथे मापाचा प्रश्न येतो, आणि माप हा माझ्या धंद्यातला विषय आहे.

एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. हवेतला कण किती खोल जाईल हे मुख्यतः त्याच्या जाडीवर ठरतं. दगडाचा गोल कण वीस मायक्रॉनचा असेल तर तो वरच अडकतो. पण ॲस्बेस्टॉसचा धागा वीस-तीस मायक्रॉन लांब असला, तरी जाडीला अर्ध्या मायक्रॉनहून कमी असू शकतो. तो हवेच्या प्रवाहात सरळ उभा राहून, सुईसारखा, वळणं घेत थेट वायुकोशात पोचतो. एवढ्या लांबीच्या वस्तूने तिथे यायलाच नको होतं, पण बारीक असल्यामुळे तिला वाट मिळते.

तिथे भक्षक पेशी हजर असते. तिचा स्वतःचा आकार पंधरा-वीस मायक्रॉन. ती धाग्याला नेहमीप्रमाणे गिळायला लागते. एक टोक आत जातं, दुसरं बाहेरच राहतं. लहान डब्यात झाडू ठेवायचा प्रयत्न करावा आणि झाकण लागू नये, तसं. कधी कधी एकाच धाग्याला दोन्ही बाजूंनी दोन-तीन पेशी चिकटतात, तरी काम होत नाही. अर्धवट गिळण्याच्या या अवस्थेला शास्त्रज्ञांनी वेगळं नावच दिलं आहे, त्याचा अर्थ 'फसलेलं भक्षण'. मंडळी, आजच्या भाषणातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा: धागा विषारी आहे म्हणून नव्हे, तर तो गिळता येत नाही आणि विरघळतही नाही, म्हणून सगळा घोळ सुरू होतो.

कारण भक्षक पेशी गिळताना पाचक रस आणि प्राणवायूचे अतिशय तिखट, क्रियाशील रेणू सोडते. ते तिच्या पोटातल्या बंद पिशवीत सुटायला हवेत. पण पिशवी बंदच होत नाही, मग ते बाहेर सांडतात. जंतू मारण्यासाठी असलेलं हे हत्यार आपल्याच वायुकोशाच्या भिंतीवर चालतं. त्यात निळ्या आणि तपकिरी ॲस्बेस्टॉसमध्ये लोखंडाचं प्रमाण मोठं असतं, आणि त्या लोखंडाच्या संगतीने हे रेणू अधिकच जहाल होतात. ते पेशीच्या केंद्रातल्या डीएनएपर्यंत पोचून तो तोडू शकतात. शेवटी ती भक्षक पेशी मरते. धागा मात्र जसाच्या तसा. मग दुसरी पेशी येते, आणि पुन्हा तेच.

२००८ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथील संशोधकांनी या साखळीतली एक महत्त्वाची कडी दाखवली. भक्षक पेशीच्या आत प्रथिनांची एक जुळणी असते, धोक्याची घंटाच म्हणा. ॲस्बेस्टॉसचा धागा किंवा सिलिकाचा कण आत शिरला की ती घंटा वाजते आणि पेशी इंटरल्युकिन-१ बीटा नावाचा निरोप बाहेर पाठवते. निरोपाचा अर्थ एवढाच, की इथे संकट आहे, मदत पाठवा. मदत येते, म्हणजे दाह होतो, सूज येते. जखम झाली की ती भरून काढणाऱ्या पेशीही येतात आणि चिवट तंतुमय ऊती विणायला लागतात. बोटाला कापलं तर हेच होतं आणि आठ दिवसांत व्रण उरतो. पण इथे जखमेचं कारण जागचं हललेलंच नाही. म्हणून घंटा वाजतच राहते, आणि व्रणावर व्रण चढत जातो. मऊ, स्पंजासारखं फुफ्फुस हळूहळू चामड्यासारखं घट्ट होतं. प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. जिना चढताना दम लागतो, मग सपाटीवर चालतानाही लागतो. डॉक्टरांनी पाठीला खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावला तर बारीक चरचर ऐकू येते. या रोगाला ॲस्बेस्टॉसिस म्हणतात.

शरीर आणखी एक उपाय करून पाहतं. काही धाग्यांभोवती ते लोहयुक्त प्रथिनाचं आवरण चढवतं, जणू काट्यावर लेप द्यावा. सूक्ष्मदर्शकाखाली असे धागे सोनेरी-तपकिरी दिसतात, दोन्ही टोकांना फुगीर, डंबेलसारखे. डॉक्टर त्यांना 'ॲस्बेस्टॉस बॉडी' म्हणतात आणि माणसाच्या छातीत हा माल गेला होता याचा पुरावा मानतात. पण लेप थोड्याच धाग्यांना मिळतो. बाकीचे उघडेच राहतात.

काही धागे पुढे सरकत फुफ्फुसाच्या बाहेरच्या आवरणापर्यंत जातात. त्या आवरणाच्या दोन पदरांत थोडंसं द्रव असतं आणि ते काही मायक्रॉनच्या छोट्या छिद्रांतून निचरून जातं. आखूड धागे त्या द्रवाबरोबर निघून जातात, लांब धागे छिद्राच्या तोंडाशी आडवे अडकतात. न्हाणीघराच्या जाळीत पाणी जातं आणि केस अडकतात, तसंच. तिथेही भक्षक पेशी येतात, तिथेही तेच फसलेलं भक्षण. शिवाय पेशी दुभंगून एकीच्या दोन होताना लांब धागा मध्ये आला, तर गुणसूत्रांची वाटणी बिघडू शकते. एका पेशीला जास्त, एकीला कमी. वर्षानुवर्षांच्या दाहातून आणि अशा बिघाडांतून एखादी पेशी ताळ्यावर राहत नाही, आणि तिथे मेसोथेलिओमा नावाचा कर्करोग होतो. फुफ्फुसाचा नेहमीचा कर्करोगही होतो. यातलं काहीही लगेच होत नाही. धूळ छातीत गेल्यापासून रोग दिसेपर्यंत वीस, तीस, कधी पन्नास वर्षं जातात. विशीत ज्या मजुराने चद्दर कापली, त्याला साठीत दम लागतो. तोवर ना तो ठेकेदार आठवतो, ना ते काम.

आपल्या भागातल्या एका उदाहरणाशी तुलना करतो. आपण सगळेच पाटी-पेन्सिलीवर मुळाक्षरं गिरवलेले लोक. ती पाटीवरची पेन्सिल आपल्या माळव्यातच, मंदसौरला बनायची. ती कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असायची, आणि तिथल्या कितीतरी कामगारांना तरुणपणीच सिलिकोसिस झाला. पुढे त्यांच्या कल्याणासाठी राज्य सरकारला वेगळा कायदा करावा लागला. सिलिकाचा कण धाग्यासारखा लांब नसतो, भक्षक पेशी तो पूर्ण गिळते. पण गिळल्यावर तो तिच्या पोटातली पिशवी आतून फोडतो. म्हणजे वाट वेगळी, पण वाजते तीच धोक्याची घंटा आणि शेवट तसाच, व्रण. दगडाची बारीक धूळ कुठलीही असो, ती 'नुसती माती' नसते, हे मंदसौरने आपल्याला चांगलंच शिकवलं आहे.

मग प्रत्येक धागा घातक का? नाही. मी माझ्या लक्षात राहावं म्हणून तीन 'म' केले आहेत: मात्रा, माप आणि मुक्काम.

मात्रा म्हणजे किती धागे गेले, किती वर्षं गेले. माप म्हणजे लांबी आणि जाडी. अमेरिकेतल्या मर्ल स्टँटन यांनी उंदीर जातीच्या प्राण्यांवर निरनिराळ्या पदार्थांचे तंतू वापरून पाहिले, आणि साधारण आठ मायक्रॉनहून लांब आणि पाव मायक्रॉनहून बारीक तंतूंनी सर्वांत जास्त कर्करोग होतात, असं दाखवलं. पदार्थाच्या नावापेक्षा आकार बोलतो, हा त्यांचा मुद्दा. तिसरा मुक्काम, म्हणजे तंतू छातीत किती काळ टिकतो. उष्णता अडवायला वापरतात ती काचेची लोकर, ग्लासवूल, तीही तंतूंचीच असते. पण तिचा तंतू छातीतल्या द्रवात काही दिवसांत किंवा आठवड्यांत विरघळतो आणि आडवा तुटून आखूड होतो. म्हणून नेहमीच्या इन्सुलेशनच्या ग्लासवूलला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००२ मध्ये धोक्याच्या यादीत खाली आणलं. निळं ॲस्बेस्टॉस मात्र उभं चिरत जातं, एकाचे अनेक आणखी बारीक धागे होतात, आणि ते माणसाच्या आयुष्यभर टिकतात. आपल्या चद्दरीतलं पांढरं त्या मानाने लवकर झिजतं. त्याचाच आधार घेऊन ते निर्धोक असल्याचं सांगितलं जातं. पण त्याच संस्थेने पांढऱ्यासह सर्व प्रकारचं ॲस्बेस्टॉस माणसाला कर्करोग करणारं म्हणून पहिल्या गटातच ठेवलं आहे. कमी टिकतं, याचा अर्थ निर्धोक असा होत नाही.

तुर्कस्तानातल्या कापादोकिया भागातली गोष्ट या तीन 'म'चा दाखलाच आहे. कराइन नावाचं एक लहानसं गाव. तिथे कारखाना नाही, ॲस्बेस्टॉसची खाण नाही. तरी गावात मेसोथेलिओमाने इतकी माणसं जात होती, की एकूण मृत्यूंपैकी जवळपास निम्मे त्याच रोगाचे. १९७० च्या दशकात डॉ. इझ्झेत्तिन बारिश यांनी याचा छडा लावायला सुरुवात केली. गावातली घरं ज्वालामुखीच्या मऊ दगडातून बांधलेली होती, आणि त्या दगडात एरिओनाइट नावाचं तंतुमय खनिज होतं. ते ॲस्बेस्टॉस नाही, झिओलाइट कुळातलं आहे. पण तंतू लांब, बारीक आणि टिकाऊ. घर झाडताना, भिंत दुरुस्त करताना ती धूळ जन्मापासून छातीत जात होती. त्या गावातून स्वीडनला जाऊन स्थायिक झालेल्या लोकांनाही तिकडे हा रोग झाला. गाव सुटलं, धागा सुटला नाही. (आपल्या दख्खनच्या काळ्या दगडातही झिओलाइटचे सुंदर स्फटिक सापडतात, लोक ते शोकेसमध्ये ठेवतात. त्यांनी घाबरू नये. झिओलाइटचं कुटुंब मोठं आहे आणि सगळीच तंतुमय नसतात.)

हे सगळं जगाला कधी कळलं? फार पूर्वी. इंग्लंडमधल्या रॉचडेलची नेली कर्शॉ ही ॲस्बेस्टॉसचं सूत काढणारी कामगार स्त्री १९२४ मध्ये ३३ व्या वर्षी वारली. तिच्या फुफ्फुसात डॉक्टरांना खनिजाचे कण सापडले आणि त्याच वर्षी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ते छापून आलं. १९३१ मध्ये तिथे धुळीवर नियम आले. १९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत डॉ. वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या ॲस्बेस्टॉसच्या पट्ट्यातले मेसोथेलिओमाचे ३३ रोगी दाखवले. त्यातले कितीतरी खाणीत कधी उतरलेच नव्हते, नुसते आसपास राहिलेले होते. ब्रिटनने १९९९ मध्ये सर्व ॲस्बेस्टॉसवर बंदी आणली, युरोपीय संघाने २००५ पासून. ज्या कॅनडाने ते वर्षानुवर्षं जगाला विकलं, त्यानेही २०१८ मध्ये बंदी घातली.

आपल्याकडे ॲस्बेस्टॉसची खाण चालवायला परवानगी नाही, पण पांढरं ॲस्बेस्टॉस बाहेरून येतं आणि पत्रे बनतात, विकले जातात. मात्र १९९५ मध्ये अहमदाबादच्या एका ग्राहक संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने मोठा निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भाग आहे असं सांगितलं, आणि ॲस्बेस्टॉसच्या प्रत्येक कामगाराची आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर, सांभाळायला लावली. चाळीस वर्षं का, ते आता तुमच्या लक्षात आलंच असेल. न्यायालयानेही धाग्याच्या मुक्कामाचा हिशेब केला. पण हा हिशेब कारखान्यातल्या नोंदलेल्या कामगाराचा. आपल्या गल्लीत छत उतरवायला येणारा झाबुआ-अलीराजपूरकडचा पोरगा कुठल्याच वहीत नसतो.

आता शेडवर येतो.

आपल्या शेडवरची चद्दर जुनी आहे, दोन-तीन ठिकाणी तडकलेली आहे. ती जागेवर शांत पडून आहे तोवर तिच्यातले धागे सिमेंटमध्ये घट्ट बांधलेले आहेत. खाली बसून जेवलं म्हणून कुणाला काही होत नाही. धागे सुटतात ते कापताना, भोक पाडताना, घासताना आणि फोडताना. नेमकी हीच आपल्याकडची काढायची पद्धत आहे. बोल्ट गंजलेले असतात, ते काढायला वेळ लागतो, म्हणून वरून घण मारायचा, तुकडे खाली टाकायचे, ट्रॉलीत भरायचे आणि शेवटी खराट्याने सगळं झाडून घ्यायचं. सकाळी अकराला सुरू केलं की चारपर्यंत मैदान मोकळं. तेवढ्या वेळात वरचे दोघे-तिघे आणि शेजारच्या अंगणात खेळणारी आपली नातवंडं काय श्वासात घेतात, ते मी मघापासून सांगतो आहे.

माझी विनंती एवढीच आहे, की ठेकेदाराच्या करारात पुढच्या गोष्टी लिहून घ्याव्यात. चद्दर काढण्याआधी दोन्ही बाजूंनी पाण्याने भिजवायची, कारण ओला धागा उडत नाही. बोल्ट पान्याने सोडवायचे, नाहीतर बोल्टच कापायचा, चद्दर कापायची नाही. ग्राइंडर चालवायचा नाही. पत्रा अख्खा, दोघांनी धरून उतरवायचा, खाली फेकायचा नाही. खाली आल्यावर जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून बांधायचा. जमीन कोरडी झाडायची नाही, ओल्या फडक्याने पुसायची आणि ते फडकंही त्याच गाठोड्यात टाकायचं. कामगारांना एफएफपी-३ किंवा पी-१०० दर्जाचे मास्क द्यायचे. तोंडाला बांधलेला गमछा या धाग्यापुढे काही कामाचा नाही. अंगावरचे कपडे घरी नेऊन बाकीच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. परदेशात नवऱ्याचे कामाचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही मेसोथेलिओमा झाल्याच्या नोंदी आहेत. आणि तुकडे नाल्याच्या काठी किंवा भरावात टाकायचे नाहीत. पीथमपूरला घातक कचऱ्याची विल्हेवाट लावणारी जागा आहे. महापालिकेला पत्र देऊन आपला माल कुठे आणि कसा पाठवायचा ते लेखी विचारू. ते पत्र मी लिहून देतो, पाठपुरावाही करतो. काम एका दिवसाऐवजी तीन दिवस चालेल आणि खर्च वाढेल. तो वाढलेला खर्च मला मंडपाच्या रोषणाईपेक्षा कमी महत्त्वाचा वाटत नाही.

मासिक सभेत काही प्रश्न आले होते, त्यांची उत्तरं इथे देतो.

एका काकूंनी विचारलं, "आमच्या रामबागेतल्या घराच्या मागच्या खोलीवर तीस वर्षांपासून चद्दर आहे. उद्याच काढून टाकू का?" काकू, अख्खी असेल तर घाई करू नका. तिला खिळा ठोकू नका, भोक पाडू नका, शेवाळ काढायला तारेचा ब्रश किंवा जोराच्या पाण्याचा फवारा वापरू नका. रंगाचा हात दिला तर वरचा पृष्ठभाग बांधलेला राहतो, फक्त त्याआधी खरवडायचं नाही. तडकली असेल तर मात्र सावकाश, वर सांगितल्याप्रमाणे काढून घ्या. बदली टाकताना ॲस्बेस्टॉसविरहित फायबर सिमेंटचे पत्रे किंवा रंगीत लोखंडी पत्रे मिळतात. दुकानदाराकडून ते बिलावर लिहून घ्या.

एका काकांनी जुन्या सिमेंट पाइपातल्या पाण्याबद्दल विचारलं. जागतिक आरोग्य संघटनेने पिण्याच्या पाण्यातल्या ॲस्बेस्टॉससाठी मर्यादा ठरवलेली नाही, कारण पोटावाटे धोका असल्याचा सुसंगत पुरावा मिळालेला नाही. धागा श्वासातून गेला की घातक, ही मुख्य गोष्ट. तो पाइप कोरडा कापताना उडणारी धूळ मात्र चद्दरीइतकीच वाईट.

तिसरा प्रश्न एका तरुण मित्राचा. घराच्या कामात एक-दोनदा धूळ उडाली होती, आता काय? मात्रा आठवा. रोगाचं मोठं ओझं वर्षानुवर्षं या धुळीत काम करणाऱ्यांवर आहे. एक-दोन प्रसंगांनी धोका शून्य होत नाही, पण फार थोडा असतो, आणि त्यासाठी झोप घालवायची गरज नाही. पुढच्या वेळी मात्र काळजी घ्यायची. आणि बिडी-सिगारेट असेल तर आजच सोडायची. अमेरिकेतल्या इन्सुलेशन कामगारांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन्हीपासून दूर असलेल्या माणसाला फुफ्फुसाच्या कर्करोगाने मरण येण्याचा धोका एक धरला, तर नुसत्या ॲस्बेस्टॉसने तो सुमारे पाचपट, नुसत्या धूम्रपानाने अकरापट, आणि दोन्ही मिळून पन्नासपटीहून जास्त निघाला. धुरामुळे श्वासनळीतला तो सरकता जिना बंद पडायला लागतो, हेही त्याचं एक कारण.

शेवटची गोष्ट. आपल्या अनेक घरांतल्या वडीलधाऱ्यांनी गिरण्यांत, कारखान्यांत, रेल्वेत, बॉयलरच्या आसपास नोकऱ्या केल्या आहेत. त्यांना दम लागत असेल, कोरडा खोकला हटत नसेल, तर "वय झालं" म्हणून सोडून देऊ नका. छातीच्या डॉक्टरांकडे न्या आणि त्यांनी विचारलं नाही तरी सांगा, की यांनी अमुक साली अमुक ठिकाणी असं काम केलं होतं. तीस वर्षांपूर्वीचं काम एक्स-रेवर लिहिलेलं नसतं. ते घरच्यांनीच सांगायला लागतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार कामाच्या ठिकाणच्या ॲस्बेस्टॉसमुळे जगात दर वर्षी दोन लाखांहून अधिक माणसं मरतात. भक्षक पेशीला धागा गिळता येत नाही, ती तिची मर्यादा आहे आणि त्यावर अजून औषध नाही. एकदा आत गेलेला धागा बाहेर काढणारा डॉक्टर नाही. म्हणून जे करायचं ते धागा हवेत उडण्याआधीच करायला हवं, आणि ते बादलीभर पाणी, एक पाना आणि थोडा धीर एवढ्यावर बऱ्याच अंशी होतं. आपल्या शेडपासून सुरुवात करू. आपलं पाहून शेजारची दोन मंडळं तसं करतील.

 गणपती बाप्पा मोरया!